वाळवी ओळखल्यावांचून विष घालूं नये

शेतांत एखादें रोप वाळलें, तें उपटून पाहिलें आणि मुळाशीं पांढरे किडे दिसले, कीं आपले बहुतेक शेतकरी बंधु "वाळवी लागली" असा निकाल देऊन मोकळे होतात. मग बांधावरील वारूळ खणलें जातें, औषधाचा डबा विकत येतो, मजुरी खर्चीं पडते. आणि पुढील आठवड्यांत आणखी दहा रोपें वाळतात. माझी सर्व नोकरी महसुली दप्तरांत गेली. पीकनुकसानीचे जे पंचनामे हातांखालून गेले, त्यांत "वाळवीनें नुकसान" हे शब्द पुष्कळदां आढळत. परंतु ती वाळवी कोणती, व रोप जिवंत असतां आली कीं मेल्यावर आली, हें क्वचितच लिहिलेलें असे. आरोपीचें नांवगांव न विचारतां त्यास शिक्षा ठोठावण्यासारखाच हा प्रकार होय, असें माझें स्पष्ट मत आहे.

वाळवीस कित्येक "पांढरी मुंगी" म्हणतात, तें बरोबर नाहीं. तिचें नातें झुरळाशीं आहे, आणि २००७ सालच्या संशोधनानंतर शास्त्रज्ञ तिची गणना झुरळांच्याच वर्गांत करूं लागले. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोंवतीं जे पंखवाले किडे जमतात, त्यांत मुंग्याही असतात व वाळवीही. त्यांतील एक किडा तळहातावर घ्यावा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोंपरासारख्या वांकलेल्या, व पुढील पंख मागील पंखांहून मोठे. वाळवीस अशी कंबर नसते. तिच्या मिशा सरळ, मणी ओंवल्यासारख्या. चारी पंख सारखे, आणि ते सहज गळतात. सकाळीं ओसरीवरून केरसुणीनें लोटावे लागतात ते हेच पंख.

जगांत वाळवीच्या सुमारें ३,००० जाति आहेत. त्यांपैकीं पिकांस उपद्रव देणाऱ्या थोड्या. बाकीच्या पालापाचोळा, वाळकें लांकूड व गवत यांवर जगतात. जात ठरविण्यास कामकरी किडे निरुपयोगी, कारण ते सगळे सारखेच दिसतात. शिपाई पाहावा. मातीचें कवच फोडतांच मोठ्या, तांबूस-पिवळ्या डोक्याचे जे किडे जबडे उगारून पुढें येतात, ते शिपाई. एक साधें भिंग याला पुरें आहे.

बांधावर उभ्या कंगोऱ्यांचें उंच वारूळ रचते ती ओडोंटोटर्मिस ओबेसस. हिच्या शिपायाच्या डाव्या जबड्यावर एक दांत असतो. वारुळाच्या पोटांत स्पंजासारखे बुरशीचे मळे आढळतात. पावसाळ्यांत वारुळावर जीं अळंबीं उगवतात, तीं याच बुरशीचीं. ही जात ऊस व गहू यांस लागते, हें खरें. परंतु भुईमूग, गहू व ऊस यांच्या मुळांत शिरून तीं पोकळ करणारी दुसरी एक आहे, मायक्रोटर्मिस ओबेसी. ती वारूळ बांधीतच नाहीं. जमिनींत विखुरलेल्या लहान लहान पोकळ्यांत ती राहते, आणि तिचा शिपाई इतका चिमुकला कीं कामकऱ्यांच्या गर्दींत शोधून काढावा लागतो. शेत खाते ही, आणि कुदळ पडते बांधावरच्या वारुळावर! ज्या वारुळास नागपंचमीस आपण हळदकुंकू वाहतों, त्यावर वर्षभरांत असा अन्याय होऊं नये. माळरानावर तिसरा एक प्रकार भेटतो. त्याच्या शिपायाचें डोकें पुढें सोंडेसारखें निमुळतें असतें, व त्यांतून तो चिकट रस उडवितो. ही गवतावर जगणारी वाळवी, ट्रायनर्व्हिटर्मिस. गायरानांत हिची तक्रार करावी; ज्वारीच्या शेतांत हिच्यावर आळ घेण्यांत अर्थ नाहीं.

आंब्याच्या खोडावर मातीचे पापुद्रे दिसले कीं बागाईतदार घाबरतात. पापुद्रा खरवडून खालील साल पाहावी. पुष्कळदां फक्त वरची मेलेली साल खाल्लेली असते.

सर्वांत अधिक फसवणूक हरभऱ्यांत होते. वाळलेल्या रोपाचें खोड उभें चिरून पाहावें. आंतील भाग काळपट तपकिरी दिसला, तर तो मर रोग; वाळवी त्या मेलेल्या मुळावर मागाहून आली. अशा शेतांत वाळवीचें औषध ओतणें म्हणजे पैसा मातींत घालणें. तेथें बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळणें, आणि पुढील हंगामीं विजय किंवा दिग्विजय यांसारखें मररोगास टिकणारें वाण पेरणें, हाच मार्ग. उलट, मुळाची साल कुरतडलेली व आंत माती भरलेली आढळली, तर वाळवी खरी. मग अर्धकच्चें शेणखत टाकलें होतें काय आणि पाण्याची पाळी चुकली काय, हें आधीं पाहावें. कारण दोन्हींनीं उपद्रव वाढतो. विष त्यानंतर. कोणाच्या माळ्यावर बी. एच. सी. भुकटीचा जुना पुडा असेल, तर तो मुळींच वापरूं नये. तिच्यावर १९९७ सालीं बंदी आलेली आहे.

आपल्या मंडळास माझी एक सूचना आहे. प्रत्येक गांवच्या सभासदानें एक लहान बाटली स्पिरिट भरून ठेवावी. वाळवी दिसतांच तींत पांचसात शिपाई व कांहीं कामकरी घालावे, आणि तारीख, गट नंबर, पीक, व रोप जिवंत होतें कीं मेलेलें, एवढा मजकूर पेन्सिलीनें चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलींतच टाकावी. शाई स्पिरिटांत विरघळते. हंगामाअखेर सर्व बाटल्या एकत्र करून जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास किंवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागास दाखवाव्या. खर्च सभासदास एका बाटलीचा.