‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका

विसरवाडीच्या आमच्या बैठकीत एक बाई भातलावणीवरून थेट आली. टाचेत काटा मोडून पू झालेला, पण तिला पत्ताच नव्हता. तळपाय बधिर आणि रात्री नुसती आग. चार महिन्यांपासून ती संधिवाताची गोळी घेत होती. मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘अशक्तपणा आहे, बायकांना असतंच.’ वर टॉनिकची बाटली!

गोळी होती लेफ्लुनोमाइड. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, त्यावर ती देतात. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतो. औषध गरजेचं आहे; सांधे कायमचे वाकडे होऊ नयेत म्हणूनच ते असतं. पण काहींच्या हातापायांच्या नसांना त्याने इजा होते. त्रास सुरू झाल्यापासून महिनाभरात औषध थांबवलं तर नसा सुधारण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर बधिरपणा कायम राहू शकतो. गोळी बंद केल्यावरही औषध दोन वर्षांपर्यंत शरीरात रेंगाळू शकतं. ते लवकर बाहेर काढायला वेगळं औषध लागतं. गर्भालाही ते घातक आहे. मूल होण्याच्या वयातल्या किती बायांना हे आधी सांगितलं जातं?

मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयावरची आयसोनियाझिड, खुद्द संधिवात, यांनीही मुंग्या येतात. म्हणूनच तपासणी हवी. ‘अशक्तपणा’ हे निदान नव्हे, ती बाईला गप्प बसवण्याची रीत आहे.

दवाखान्यातली रांग मोठी असते, डॉक्टर अपुरे असतात, हे मान्य. पण ‘हातापायांना मुंग्या, आग, बधिरपणा आहे का?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरतं. ते मावचीत विचारलं तर बाई बोलतेही. प्रत्येक खेपेला हा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर केसपेपरवर लिहिलं जावं, एवढीच आपली मागणी आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या बाईच्या हाती औषधाच्या नावाचा कागदही हवा. तिथला डॉक्टर तोच वाचणार.

मैत्रिणींनो, गोळी मनाने बंद करू नका, पण मुंग्याही अंगावर काढू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. एकटीचं कुणी ऐकत नसेल, तर गटातल्या दोघीतिघींनी सोबत जा.