काम कुठूनही करा. पण आडनाव काय म्हणालात?

जाहिरात अशी होती: ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट पाहिजे. काम पूर्ण रिमोट. तुम्ही कुठल्या गावात बसता याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, आम्हाला डोकं पाहिजे.

डोकं नांदेडात होतं. माझ्या मित्राची लेक, आमच्याच वस्तीतली. पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण झालेलं. दोन वर्षांपासून वजिराबादेतल्या दोन-तीन दुकानांची आणि एका दवाखान्याची इन्स्टाग्राम पानं सांभाळते. तिनं अर्ज केला. मुंबईच्या एजन्सीकडून 'टास्क' आला: डोक्याला लावायचं एक तेल मराठवाड्यातल्या तरुण बायकांपर्यंत कसं न्यावं, तीन दिवसांत सांगा. पोरीनं तीन रात्री जागून अठरा पानं लिहिली. मी ती वाचलीत. घरात तेल कोण विकत आणतं, बाटली कधी आणि पुडी कधी, बचत गटाच्या बैठकीत एकीच्या केसांकडे बघून दुसरी काय विचारते, हे सगळं त्यात आहे. शिवाय मुखेड-कंधारकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मग त्या गावांतल्या दुकानात हिवाळाभर जाहिरात लावून ती वाचणार कोण, हाही प्रश्न तिनं विचारलाय. एसीत बसून हा प्रश्न सुचत नाही.

मग व्हिडिओवर मुलाखत. कामाबद्दल दहा मिनिटं. नंतर गप्पा. पूर्ण नाव काय? वडील काय करतात? महानगरपालिकेत. अच्छा, म्हणजे कोणत्या विभागात?

आठ दिवसांनी उत्तर आलं. काम उत्तम आहे, पण आमच्या टीमशी 'कल्चर फिट' वाटत नाही. मराठी मजकुराचं भाषांतर कराल का? शब्दाला एक रुपया.

एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका एजन्सीशी नाही. पण त्या शेवटच्या दोन वाक्यांवर थांबा. डोकं चालत नाही, जीभ चालते. आमच्या माणसांबद्दल काय बोलायचं ते वांद्र्यात ठरणार, आणि ते ठरलेलं मराठीत आणून द्यायला नांदेडची पोरगी चालेल, रुपयाला एक शब्द. गावकुसाबाहेरच्या माणसानं निरोप पोचवायचा, निर्णय वाड्यात व्हायचा, ही पद्धत आपण कुठेतरी पाहिलेली आहे ना?

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ते जाहिरातीची चित्रं काढणं वाटतं. माल कुणासाठी आहे, तो माणूस दिवसभर काय करतो, त्याला कशाची लाज वाटते, कशाचा अभिमान वाटतो, मालाला नाव कोणतं द्यायचं, कोणता शब्द वापरायचा आणि कोणता टाळायचा, हे ठरवणं म्हणजे ब्रँड स्ट्रॅटेजी. त्याला जमीन लागत नाही, कारखाना लागत नाही, भांडवल लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि माणसं ओळखण्याची नजर, एवढ्यावर चालतं. म्हणून तर मी या एका नोकरीबद्दल इतकं लिहितोय. नांदेड-लातूरात बसून प्रामाणिकपणे करता येईल अशा थोड्या कामांपैकी हे एक आहे. इथंही जर दारात आडनाव विचारलं जात असेल, तर 'आता गुणवत्तेचा जमाना आहे' हे वाक्य कुणी आम्हाला ऐकवू नये.

आणि नजर आमच्याकडे नाही असं म्हणता? लातूरच्या ट्यूशन एरियात एकदा फिरून या. नीटला बसणाऱ्या पोरांसाठी लागलेल्या फ्लेक्सच्या जंगलात कोणत्या क्लासचा बोर्ड बापाच्या डोळ्यात भरेल, टॉपरचा फोटो किती मोठा, त्याच्या गावाचं नाव का छापायचं, हे ठरवणारी पोरं त्या फ्लेक्सच्या दुकानांत संगणकापुढे बसलेली असतात. हीच पोरं १४ एप्रिलला रात्रभर जागून जयंतीचे बोर्ड करतात. कोणत्या महापुरुषाची प्रतिमा कुठं, निळा किती गडद, कोणत्या पुढाऱ्याचा फोटो कापला तर रात्री दोन वाजता फोन येईल, सगळं त्यांना तोंडपाठ. यांना 'डिझाईनवाला' म्हणतात आणि चौरस फुटाच्या दरानं पैसे देतात. हेच ज्ञान इंग्रजीत पंधरा स्लाइडवर मांडलं की त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात. त्या स्लाइडमध्ये लातूर येतं तेव्हा बहुतेक १९९३चा किल्लारीचा भूकंप नाहीतर २०१६ची पाण्याची रेल्वे म्हणून येतं.

खरं तर नाव ठेवण्यातलं शहाणपण आम्हाला शिकवायची कुणाची प्राज्ञा नाही. बाबासाहेबांनी आपल्या पत्रांना दिलेली नावं ओळीनं वाचा. १९२० साली मूकनायक. १९२७ साली बहिष्कृत भारत. १९३० साली जनता. १९५६ साली प्रबुद्ध भारत. ज्यांना वाचा नव्हती ते, मग ज्यांना बाहेर ठेवलं ते, मग ती माणसं म्हणजेच जनता, आणि शेवटी जागी झालेली माणसं. छत्तीस वर्षांत समाज कुठून कुठं गेला ते चार नावांत आलंय. कुठल्या बिझनेस स्कूलमध्ये हा धडा शिकवतात?

आणि याच मूकनायकाची गोष्ट जाहिरातीच्या धंद्यातल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवी. पत्र निघणार होतं तेव्हा त्याची जाहिरात केसरीकडे पाठवली. फुकट नाही, पैसे देऊन. केसरीनं ती छापायला नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. म्हणजे आमचा आणि जाहिरातीचा संबंध सुरू होतो तो नकारापासून. पैसे चालत नव्हते, कारण पैसे देणाऱ्याचं नाव चालत नव्हतं.

त्याच्या आधीची गोष्ट आणखी जवळची आहे. अमेरिका आणि लंडनहून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक फर्म काढली होती. आजच्या भाषेत कन्सल्टन्सी. गिऱ्हाइकं येत होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं तशी ती येईनाशी झाली. सल्ला तोच, डोकं तेच. नंतर १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकलेल्या माणसाचा धंदा जिथं आडनावानं बसला, तिथं नांदेडच्या पोरीला 'तुमचा पोर्टफोलिओ अजून सुधारा' असा सल्ला देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

'पण हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं.' येतंच हे वाक्य. मग अलीकडचं घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावं सवर्ण, काही दलित, काही मुस्लिम. सवर्ण नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता एक धरली तर दलित नावाची ०.६७ निघाली आणि मुस्लिम नावाची ०.३३. लक्षात घ्या, इथं कुणी कुणाला भेटलंही नव्हतं. सगळा व्यवहार कागदावर, म्हणजे त्या काळचा रिमोटच. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. जात आम्ही बघतच नाही, असं ते सगळे सांगत होते आणि त्याच दमात 'फॅमिली बॅकग्राउंड' महत्त्वाचं म्हणत होते. वडील कोणत्या विभागात, हा प्रश्न इथून येतो. अमेरिकेतही शिकागो आणि बॉस्टनमध्ये असाच प्रयोग झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा निम्म्यानं जास्त बोलावणी आली.

आमच्यातलेच काही समजूतदार लोक सांगतात, मग आडनाव लिहूच नका. नुसतं पहिलं नाव आणि वडिलांचं नाव. ठीक. कांबळे काढलं, सोनकांबळे काढलं. (गायकवाड असेल तर काढायची गरज नाही, पुढचा प्रश्नच येतो, बडोद्याचे का?) पण पत्त्यात जयभीमनगर आहे त्याचं काय? मिलिंद महाविद्यालयातून पदवी घेतली, ती खोडायची? बार्टीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लपवायचं? लिंक्डइनवर दीक्षाभूमीचा फोटो टाकला होता, तो काढायचा? असं खरवडत गेलात तर अर्जात फक्त फोन नंबर उरेल. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लपवलेलं नाव किती दिवस पुरतं, त्याचा हिशेब आपल्याकडे आहे.

आणि नावाचं मोल मराठवाड्याला कुणी समजावून सांगू नये. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं या मागणीसाठी १९७८ साली टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा खून झाला. १९९३च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं नावासाठी लढलेल्या भूमीतल्या पोरांना, नोकरी पाहिजे तर नाव सोडा, असं सांगताना लाज वाटायला हवी.

आता 'रेफरन्स'बद्दल. या धंद्यात चांगल्या जागा पुष्कळदा जाहिरातीत येतच नाहीत. कुणीतरी कुणाला तरी सांगतं, आमच्या कॉलेजची एक मुलगी आहे, बघ. यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो, हे मी मान्य करतो. पण ओळखी जातीच्या कुंपणातच वाढलेल्या असतात; शाळा, सोसायटी, लग्नकार्यं, सगळीकडे तीच माणसं. रेफरन्सची ताकद सगळ्यात आधी कुणी ओळखली असेल तर शाहू महाराजांनी. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं, तर महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. चहाची चव काही बदलली नव्हती. छत्रपतींनी आपला शब्द त्या कपामागे उभा केला. प्रस्थापितांच्या मुलांना असा शब्द जन्मतःच मिळतो, आणि त्याला ते 'नेटवर्क' म्हणतात.

लातूरला शाहू महाराजांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथून शिकून मोठ्या पगारावर गेलेले आपले लोक कमी नाहीत. त्यांना मी विचारतो, तुमच्या कंपनीत जागा निघते तेव्हा तुम्ही कुणाचं नाव पुढं करता? आपल्या पोराचं नाव सुचवलं तर आपली जात कळेल, ही भीती मला समजते. तरीही विचारतो.

चळवळीलाही विचारायचंय. आपण जाहिरात आणि बाजार म्हटलं की नाक मुरडतो, आणि पोरांना अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकांपुढे पाच-पाच वर्षं बसवतो. सरकारी जागा आहेत कुठं? २०२३ साली कंत्राटी भरतीचा निर्णय सरकारनं काढलाच होता. ओरड झाली म्हणून मागे घ्यावा लागला. राखीव जागा ज्या दारात आहेत ते दार अरुंद होतंय आणि ज्या दारात राखीव जागा नाहीत ते रुंद होतंय. त्या रुंद दाराशी आपलं काही धोरण आहे का? २००४ साली यूपीएच्या किमान समान कार्यक्रमात खासगी क्षेत्रातल्या आरक्षणावर बोलण्याचं आश्वासन होतं. उद्योगपतींच्या संघटना म्हणाल्या, कायदा नको, आम्ही स्वेच्छेनं करू. त्या स्वेच्छेची वाट बघत एक पिढी शिकून मोठी झाली.

तोपर्यंत करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. राज्य सरकार जाहिरातींवर करदात्यांचा पैसा खर्च करतं. ज्या एजन्सीला तो पाहिजे, तिनं आपल्याकडे कोणत्या पदावर कोणत्या समाजाचे किती लोक आहेत ते जाहीर करावं, ही अट घाला. शिपाई आणि भाषांतरकार मोजू नका, ठरवणारे मोजा. पहिल्या फेरीत अर्जावरचं नाव, पत्ता, कॉलेज झाकून फक्त काम वाचा. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी वादक निवडताना पडद्याआडून ऐकायला सुरुवात करून कित्येक दशकं झाली. वडिलांचा व्यवसाय विचारणं बंद करा. आणि टास्कचे पैसे द्या. तीन रात्रींचं फुकट काम म्हणजे वेठ. वेठबिगारीविरुद्ध महार वतनाच्या काळापासून आम्ही बोलतोय. ती आता गुगल डॉक्समध्ये करून घेता म्हणून तिचं नाव बदलत नाही.

मित्राच्या लेकीनं भाषांतराला नाही म्हटलंय. घरात त्यावरून दोन दिवस वाद झाला, कारण शब्दाला रुपया म्हणजे महिन्याचा किराणा निघाला असता, आणि तिच्या आईचं म्हणणं चूक आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पोरीनं एजन्सीला एक मेल पाठवलाय. त्यात अठरा पानांचं बिल जोडलंय, आणि ही पानं तुम्ही पैसे न देता कुठं वापरलीत तर मला ओळखू येतील, असं एक वाक्य. मेलच्या खाली तिनं या वेळी पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट, वस्तीच्या पत्त्यासकट.

बारा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात तिनं आणखी चार ठिकाणी अर्ज केलेत, त्यातला एक बंगळूरूचा आहे.

जय भीम.