तलवार आणि तिचा दाखला

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला जुन्या वस्तूंच्या बाजारात एखादी धोप किंवा कट्यार दिसली, की त्याचा हात आधी पाकिटाकडे जातो. लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावरील शनिवारच्या बाजारात मी हे पाहिले आहे. इतिहासाचा अभिमान चांगलाच. पण विक्रेताही तो ओळखून असतो आणि किमतीत त्याची भर घालतो.

मुळात पाते आणि मूठ एकाच वयाची असतात असे नाही. युरोपातून आलेली पाती आपल्याकडे देशी मुठीत बसवली जात. अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. तेव्हा पात्यावर युरोपीय कारागिराची खूण दिसली म्हणून तलवार खोटी ठरत नाही आणि सोनेरी अक्षरांत थोर नाव दिसले म्हणून ती खरीही ठरत नाही. नाव मागाहून घालता येते. पोलादावरचे जौहरही आम्लाने उठवता येते.

याहून मोठा प्रश्न असा, की ही वस्तू भारताबाहेर गेली केव्हा? १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ‘नुकतीच राजस्थानातून आणली’ असे विक्रेता सांगू लागला, तर दोनच शक्यता उरतात. माल नवा आहे, नाहीतर चोरटा.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. तीही फिरंगच, पाते युरोपीय, नाव देवनागरीत. आपलीच वस्तू विकत का घ्यावी, असे काहींनी विचारले. मला तो खर्च योग्य वाटतो, कारण ती तलवार आता कोणा एकाच्या दिवाणखान्यात नव्हे, तर सर्वांच्या मालकीची आहे. पण सरकारने केले म्हणून प्रत्येक प्रवाशाने तेच करावे असे नाही. कागदपत्रांशिवाय झालेली प्रत्येक खरेदी इथल्या एखाद्या वाड्यावर वा देवळावर नजर ठेवणाऱ्या चोराचा हुरूप वाढवते.

म्हणून वस्तू पूर्वी कोणाकडे होती, याची लेखी नोंद मागावी. ती नसेल तर निघून यावे. आणि दसऱ्याला आपण पूजतो त्या घरच्या तलवारीची हकिकत, आजोबा आहेत तोवर, कागदावर उतरवून ठेवावी. उद्या तिचा दाखला तोच असेल.