पडदा ज्याचा, रंग त्याचा
विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीतली गडद निळी अक्षरं ज्यांना वाचावी लागली, त्यांनी ती मान पुढे काढून, डोळे बारीक करूनच वाचली आहेत. जुन्या, जाड काचेच्या मॉनिटरवर तो निळा निभावून जायचा. नव्या सपाट पडद्यांवर तो काळ्यात बुडायला लागला. २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टनं वीसहून अधिक वर्षांनी पहिल्यांदाच या खिडकीचे मूळ रंग बदलले आणि निळा उजळ केला. पण ज्यांच्या संगणकावर विंडोज आधीपासून होतं, त्यांचे रंग अपडेटनं बदलले नाहीत. नवी मांडणी मिळाली ती विंडोज नव्यानं टाकणाऱ्यांना. कुणी जुना निळा हौसेनं ठेवला असेल, तर तो त्याच्यापाशीच राहिला.

वाचणाऱ्यानं लावलेले रंग त्याचेच राहू द्यायचे, ही जाण टर्मिनलसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे हवी.

टर्मिनल म्हणजे नुसत्या मजकुराची खिडकी. हुकूम टाइप करायचा, उत्तर अक्षरांत वाचायचं. सर्व्हर सांभाळणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे दिवसाचे कित्येक तास तिच्याकडे बघत काढतात, म्हणून अक्षराचा आकार, पार्श्वभूमी, रंग आपापल्या डोळ्यांना जमतील असे लावून घेतात. उजेडात बसणाऱ्याला पांढरा पडदा बरा वाटतो, रात्रपाळीवाल्याला काळा. काहींना लाल आणि हिरवा वेगळे ओळखणं अवघड जातं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण बारांत एक आहे.

मूळ व्यवस्थेत या निवडीला पुरेशी जागा होती. १९७९च्या अमेरिकी मानकात आठ रंगांना नुसते क्रमांक आहेत: ३१ लाल, ३२ हिरवा. पुढे उजळ रंगांची भर पडून ते सोळा झाले. प्रोग्रॅम फक्त ‘लाल’ म्हणतो. तो लाल नेमका कोणता, हे वापरणाऱ्यानं टर्मिनलमध्ये ठरवलेलं असतं. आता मात्र बहुतेक टर्मिनल एक कोटी सदुसष्ट लाख छटा दाखवू शकतात आणि प्रोग्रॅमकर्ते त्यातली एखादी थेट लादतात. काळ्या पडद्यावर देखणी दिसणारी फिकट राखाडी सूचना पांढऱ्या पडद्यावर गायब होते.

सोळांतला रंग घेतला तरी काम संपत नाही. ‘सोलराइज्ड’ ही इथन शूनओव्हर यांची २०११ची लोकप्रिय रंगसंगती. तिच्या गडद रूपात ‘उजळ काळा’ हा रंग पार्श्वभूमीशी तंतोतंत जुळतो. एखाद्या प्रोग्रॅमनं दुय्यम मजकूर या रंगात छापला, की वाचणाऱ्यासमोर कोरी ओळ उरते.

कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रॅमनं हे चांगलं सांभाळलं आहे. कोडमधली वाढलेली ओळ हिरवी, काढलेली लाल. पण ओळीच्या सुरुवातीला अधिक-उणेची चिन्हंही असतात, त्यामुळे रंग नाही कळला तरी अर्थ कळतो. प्रत्येक रंग बदलण्याची सोय आहे. शिवाय २०१३पासून गिट आपणहून रंग वापरतं ते उत्तर पडद्यावर जात असेल तेव्हाच. हे तपासणं एका ओळीचं काम आहे. ते टाळलं की उत्तर साठवलेल्या फाइलमध्ये मजकुराच्या मधेमधे चौकटी कंस आणि आकड्यांचा कचरा साचतो.

ज्यांना रंगच नकोत, त्यांच्यासाठी २०१७मध्ये एक साधा संकेत पुढे आला: ‘नो_कलर’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे टर्मिनलमधल्या प्रोग्रॅम्सना वाचता येणारी एक नोंद. त्यात काहीही भरलेलं असलं, की प्रोग्रॅमनं आपणहून रंग भरायचे नाहीत. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१३ आवृत्तीनं चुकांचे संदेश रंगीत केले आणि त्याच वेळी हा संकेतही पाळला.

‘रंग हा आमच्या डिझाइनचा भाग आहे,’ असं काही प्रोग्रॅमकर्ते म्हणतात. भित्तिपत्रकाच्या बाबतीत ते ठीक आहे. टर्मिनलमध्ये एकाच खिडकीत दहा जणांचे प्रोग्रॅम चालतात आणि त्या सगळ्यांचं वाचणारी व्यक्ती एकच असते. अंतिम शब्द तिचा असायला हवा.

म्हणून प्रोग्रॅम लोकांच्या हाती देण्याआधी प्रत्येकानं पाच मिनिटं काढावीत. तो एकदा पांढऱ्या पडद्यावर चालवावा, एकदा ‘नो_कलर’ लावून, आणि एकदा त्याचं उत्तर फाइलमध्ये साठवून ती फाइल उघडून वाचावी.