ऑपरेशन मोफत, पण बोलणं?

"पोर उशिरा बोलेल, त्याचा मामाही उशिराच बोलला," असं आपल्या वस्त्यांत सहज म्हणतात. या वाट पाहण्यातच मोलाची वर्षं जातात. हाक मारली, ताट पडलं तरी बाळ दचकत-वळत नसेल, तर कान तपासून घ्या.

जन्मतः ठार बहिऱ्या बाळाला साध्या श्रवणयंत्राने भागलं नाही, तर कॉक्लिअर इम्प्लांट करतात. कानामागचं यंत्र आवाज पकडतं आणि आतल्या कानात बसवलेली बारीक तार तो विजेच्या रूपाने थेट ऐकण्याच्या नसेला देते. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांतील १ ते ५ वर्षांच्या मुलांना ते मोफत मिळतं. मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम पाहते.

पण नुसत्या ऑपरेशनने मूल बोलत नाही. काही आठवड्यांनी यंत्र सुरू होतं, मग महिनोन्महिने बोलण्याचा सराव. लाखांदूरच्या मजूर आईने रोवणीची रोजी बुडवून दर आठवड्याला नागपूर गाठायचं? वॉरंटी संपल्यावर तार तुटली, तर पैसे कुठून आणायचे? लाखोंचं यंत्र फडताळात पडून राहिलं, तर पोराची शाळाच हुकली म्हणा.

वाचा-उपचार तालुक्यातच मिळावेत, एसटीचं भाडं आणि सुटे भाग योजनेतूनच द्यावेत, ही आमची मागणी आहे. विहाराच्या बैठकीत तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना द्या. आणि अंगणवाडीत बाल स्वास्थ्य पथक येईल त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका.