रक्तदाबयंत्राच्या पोटात

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींचे चिरंजीव घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही घेऊन दवाखान्यात आले. वरचे आकडे बहुतेक १६०च्या पुढचे. वहीवर विसंबून मी गोळीची मात्रा वाढवली. आठवड्याभरात पहाटे उठताना आजींना भोवळ आली; दाराची चौकट हाती लागली म्हणून खुबा वाचला. तेव्हा कुठे मला सुचले आणि मी त्यांना यंत्रासह बोलावून घेतले. ‘‘घरी मोजता तसेच मोजून दाखवा.’’ स्वेटरच्या बाहीवरून गुंडाळलेला पट्टा, खुर्चीबाहेर लोंबणारा हात आणि सोबत मुलाशी गप्पा!

यंत्र निर्दोष होते. अशा अनेक यंत्रांत सिलिकॉनचा जेमतेम तिळाएवढा तुकडा असतो. त्यावरील केसाहूनही पातळ पडदा हवेच्या दाबाने किंचित वाकतो आणि त्यासरशी तेथील विजेचा रोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुण बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केला. मोटारीच्या टायरमधील हवा सांगणारे संवेदकही याच घराण्यातले.

मात्र हा संवेदक रक्ताला कधीच स्पर्श करीत नाही. तो जाणतो केवळ पट्ट्यातील हवा. पट्टा सैलावत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्या हवेत सूक्ष्म थरथर उमटते. ती सर्वाधिक असते तेव्हाचा दाब हा सरासरी रक्तदाब. वरचा आणि खालचा आकडा यंत्र त्यावरून गणिताने काढते. म्हणूनच हात हलला की गणित बिघडते. नाडी अनियमित असेल तर एका मोजणीवर मुळीच विसंबू नये. दंडाच्या मानाने पट्टा लहान असल्यास आकडा फुगतो. हात हृदयापेक्षा दहा सेंटीमीटर खाली असला तर सुमारे ८ अंकांची भर पडते; लोंबता हात तर त्याहूनही खाली असतो.

आजींना पाच मिनिटे स्वस्थ बसवले. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर. त्याच यंत्राने १३८ दाखवले. एका मिनिटाने पुन्हा मोजले, तेव्हा १३६.

मात्रा पूर्ववत केली. आपल्या मनाने गोळी कमीजास्त करू नका, हे चिरंजीवांना बजावले. वहीत आता आकड्यांशेजारी एक नवा रकाना आहे : ‘हात कुठे होता?’