चाळिशीचा चष्मा आणि राहून गेलेली तपासणी

मराठीने एका वस्तूला थेट वयाचेच नाव दिले आहे. जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला जुनी माणसे ‘चाळिशी’ म्हणत, आणि काही घरांत आजही ती पोथीच्या पानांत किंवा गादीवरच्या लोडाखाली शोधली जाते. हे नाव ज्याने दिले त्याचे निरीक्षण पक्के होते. डोळ्यातील भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळ पाहताना ते फुगते, दूर पाहताना पुन्हा चपटे होते. वर्षे सरतात तसे ते ताठर होऊ लागते आणि चाळिशीच्या सुमारास हातातील कागदावर नजर स्थिर करण्यास त्याची शक्ती अपुरी पडते. पुढे साठीपर्यंत नंबर हळूहळू वाढत जातो. सात्त्विक आहार, तूप, डोळ्यांचे व्यायाम यांपैकी कशानेही हा क्रम थांबत नाही. तरीही पहिला चष्मा स्वीकारायला माणसे दोन-चार वर्षे सहज घालवतात.

व्यापारी कुटुंबात हा बदल प्रथम पेढीवर जाणवतो. बिल हळूहळू हातभर दूर जाते, मग दिव्याखाली जाते, आणि शेवटी ‘मुनीमजी, जरा वाचून दाखवा’ असे म्हणून विषय संपवला जातो. सराफाला दागिन्यावरील हॉलमार्कचा सहा अक्षरांकांचा क्रमांक भिंगाशिवाय लागत नाही. घरात हीच गोष्ट धान्य निवडताना घडते. डाळ-तांदळातील बारीक किडा, जाळी, अळी वेळीच दिसणे हा जैन स्वयंपाकघरातील जयणेचा रोजचा भाग. नजर अधू झाली की निवडलेले धान्यही न निवडल्यासारखेच राहते. ‘मला अजून सगळे दिसते’ हा सासूबाईंचा आग्रह मात्र सुटत नाही, आणि बिचारी सून तेच ताट गुपचूप पुन्हा निवडून ठेवते.

चष्म्यावरील खर्च कोणत्या खात्यात धरावा, याचे उत्तर आसामच्या चहामळ्यांतून मिळाले आहे. तेथील चाळीस व त्यापुढील वयाच्या ७५१ मजुरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मजुरांना जवळचा चष्मा लगेच दिला गेला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक वाढली. दुकानात चाळिशी उलटलेला जुना नोकर असेल, तर त्याच्या चष्म्याचे पैसे दानाच्या खात्यात लिहिण्याचे कारण नाही. तो सरळ धंद्याचा खर्च आहे.

येथपर्यंतचा मार्ग सोपा आहे. अडचण पुढे आहे, कारण हा चष्मा आता कोठेही मिळतो. औषधांच्या दुकानात, रेल्वे स्थानकाबाहेर, ऑनलाइन. दोन-तीन नंबर डोळ्यांवर लावून पाहायचे, अक्षर दिसले की पैसे द्यायचे. असा तयार चष्मा डोळे बिघडवतो ही समजूत चुकीची आहे. त्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो, तिरपा नंबर त्यात धरलेला नसतो, आणि काचेचे केंद्र बुबुळासमोर येईलच असे नाही; त्यामुळे काहींचे डोके दुखते, एवढेच. खरे नुकसान वेगळे आहे. अक्षर दिसू लागल्याने माणूस समाधानी होतो आणि नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याचे एकमेव निमित्त हातून निसटते. ज्या वयात वाचण्याचा चष्मा लागतो, त्याच वयापासून काचबिंदूचा धोका वाढू लागतो.

काचबिंदू आणि मोतीबिंदू ही नावे इतकी जवळची आहेत की अनेक घरांत दोन्ही एकच मानले जातात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलता येते आणि बहुधा दृष्टी परत मिळते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस क्षीण होत जाते. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट न झाल्याने वाढलेला दाब हे त्याचे मोठे कारण, पण दाब सर्वसाधारण असतानाही हा आजार होऊ शकतो. गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्याच्या नेहमीच्या प्रकारात ना वेदना, ना लाली. नजर कडांकडून जाते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहते. म्हणूनच चष्म्याच्या दुकानातील तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील एका पाहणीत, या नेहमीच्या प्रकारचा काचबिंदू ज्यांना आढळला त्यांतील दहांपैकी नऊहून अधिक जणांना त्याची कल्पनाच नव्हती. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो असेल तर धोका आणखी वाढतो. घरात व्यवसायाबरोबर काय काय वारशाने येते, याची चौकशी मोठ्यांकडे एकदा मोकळेपणाने करावी.

डोळे चुरचुरले की औषधवाल्याकडून थेंब आणून वर्षानुवर्षे घालणे ही आणखी एक सवय. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर आराम लगेच पडतो आणि डोळ्यातील दाब मात्र नकळत वाढू शकतो. डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी दिलेली बाटली आठ दिवसांनी बंद झाली पाहिजे.

चष्म्याचा नंबर स्वतःही काही सांगत असतो. तो महिन्या-दोन महिन्यांत बदलू लागला तर दुकानदाराशी वाद घालण्यापूर्वी रक्तातील साखर तपासावी; साखरेच्या चढउताराने भिंगाचा आकार बदलतो. मधुमेहींनी तर नंबर स्थिर असला तरी पडद्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. याउलट, सत्तरीतील आजोबा एके दिवशी चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागतात. घरात पेढे वाटण्याइतका आनंद होतो, त्यांच्या संयमी जीवनाला त्याचे श्रेय दिले जाते. पुष्कळदा ते मोतीबिंदूचे लक्षण असते: भिंगाचा मध्यभाग दाट झाल्याने जवळचे दिसू लागते आणि दूरचे अंधूक होते. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. रोजच्या कामांत अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

पूर्ण तपासणी म्हणजे नंबर, डोळ्याचा दाब, आणि थेंब घालून बाहुली मोठी करून नस व पडदा पाहणे. बाहुली मोठी केल्यावर काही तास अक्षरे पुसट दिसतात, उजेड बोचतो. म्हणून ती दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करावी, सोबत कोणीतरी असावे आणि गाडी स्वतः चालवू नये. पुढची तारीख डॉक्टरांकडूनच लिहून घेतलेली बरी.

नवा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. अशा काचेचा खालचा भाग हातभर अंतरासाठी असतो. जीवजंतू पायाखाली येऊ नये म्हणून नजर खाली ठेवून चालणाऱ्याला नेमकी त्याच भागातून जमीन दिसते, म्हणजे पुसट दिसते. देरासराची पायरी उतरताना पाऊल चुकते ते यामुळेच. पहिले काही आठवडे हनुवटी किंचित खाली घेऊन वरच्या भागातून जमीन पाहावी आणि कठडा धरावा. तरीही जमत नसेल तर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. एकदा पडून मोडलेल्या मांडीच्या हाडापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.